हात खाली होईपर्यंत

शुद्धलेखनाच्या चुका सापडतील, त्या आधीच पदरात घ्या. माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मी अजूनही अंदाजानेच ठरवतो. मोठे शब्द मला येत नाहीत, आणि येत असते तरी ही हकीकत मोठ्या शब्दांत सांगून जास्त खरी वाटली असती असं नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं त्यानेच मला सांगितलं. संध्याकाळ होती, वीज गेलेली, मधे टेबलावर एक दिवा. मी त्याच्यासाठी खुर्ची पुढे केली. "राहू दे," तो म्हणाला, "उभाच बरा आहे." सगळं सांगून होईपर्यंत तो भिंतीशी उभाच होता. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याला दुकानात सगळे खांब्या म्हणतात. उंच आहे, आणि बोलायला लावल्याशिवाय बोलत नाही. काचा आणि फ्रेमांच्या दुकानात तो काम करतो. काच कापायची हिरकणी काचेवरून ओढताना हात जरासाही थरथरून चालत नाही, रेघ एका दमात पूर्ण व्हावी लागते. तसा हात त्या दुकानात फक्त त्याचा. शेजारच्या टेबलावर भोवरा असायचा. भोवरा फ्रेमा ठोकायचा, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा, आरसे पोचवायला जायचा, आणि मधल्या वेळात शिट्टी वाजवत टेबलाभोवती फिरत राहायचा. एका जागी उभं राहणं त्याच्या रक्तातच नव्हतं. मालक म्हणायचे, "याच्या पायाला चाकं आणि त्याच्या पायाला मुळं. दोघं मिळून माझ्याकडे एक धड माणूस आहे." खांब्याला हे वाक्य फार आवडायचं. त्याला दुसरा मित्र नव्हता.

मोजणीच्या खुणा शोधायचा नाद आधी खांब्यालाच लागला. जुन्या काळी जमीन मोजायला आलेल्या लोकांनी डोंगरामाळांवर जागोजागी खुणा करून ठेवल्या होत्या. कुठे खडकात कोरलेलं वर्तुळ आणि त्याच्या मधोमध ठिपका, कुठे पितळेची चकती. काम झालं, माणसं निघून गेली, खुणा गवतात तशाच राहिल्या. आता काही हौशी लोक जुने नकाशे पाहून त्या शोधतात आणि मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये फोटो टाकतात. बक्षीस वगैरे काही नाही. ज्याला आधी सापडेल त्याचं नाव त्या खुणेपुढे राहतं, एवढंच. पण ज्याचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं त्याला तेवढं पुष्कळ असतं.

त्याने भोवऱ्याला सांगितलं, आणि रविवारी दोघं सायकलींवर निघायला लागले. खांब्याची आई म्हणायची, "दगड शोधायला एवढ्या लांब कशाला जाता? घरात एक आहेच की, उठवल्याशिवाय उठत नाही."

अ‍ॅपचा नियम असा, की दोन फोटो हवेत. एक खुणेचा जवळून, आणि एक लांबून, खुणेवर कुणीतरी उभं असलेला, म्हणजे पुढच्या माणसाला जागा कळते. उभा राहायचा खांब्या. हातात एक बांबू, त्याला लाल-पांढरे पट्टे त्यानेच रंगवले होते. दुकानातला उरलेला रंग मिसळल्यामुळे लाल जरा काळपट आला होता. लांब जाऊन फोटो काढायचा भोवरा. त्या छंदाच्या गटात कुणा म्हाताऱ्याने लिहिलं होतं की पूर्वीच्या मोजणीत काठीवाला खुणेवर आणि यंत्रवाला लांब दुसऱ्या टेकडीवर असायचा. यंत्रवाल्याने हात वर केला की काठीवाल्याने हलायचं नाही. हात खाली आला की सुटका. मधे ऊन असो नाहीतर पाऊस. भोवऱ्याने ते लगेच उचललं. लांबून तो ऐटीत हात वर करायचा, फोटो काढायचा आणि हात खाली टाकायचा. एकदा त्याने हात वर ठेवूनच दुसऱ्या हाताने बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. खांब्या हलला नाही.

"आणि मी हात खाली करायला विसरलोच असतो तर?" परतताना भोवऱ्याने विचारलं.

"तू विसरला नसतास."

"तू म्हातारा होईपर्यंत उभा राहिला असतास. तुझा काही भरवसा नाही बाबा."

ही चेष्टा होती. खांब्याने मात्र ती घरी नेऊन जपून ठेवली, जसं कुणी शाबासकी जपून ठेवतं.

मग आईचा पाय मोडला. रविवार घरात जायला लागले. तिला धरून न्यायचं, आणायचं, स्वयंपाक करायचा. "तू जा," तो भोवऱ्याला म्हणाला, "माझ्यासाठी थांबू नकोस." आपण असं म्हणतो तेव्हा समोरच्याने थांबावं अशीच आपली इच्छा असते. भोवरा थांबला नाही. पुढे आई काठी टेकत चालायला लागली, खांब्याचे रविवार मोकळे झाले, तरी भोवऱ्याने "येतोस का" असं विचारलं नाही. अ‍ॅपमध्ये मात्र त्याच्या नावापुढे खुणांमागून खुणा चढत होत्या. दोघांनी मिळून जेवढ्या शोधल्या होत्या त्याहून जास्त, आणि त्याही जुन्या, कुणालाच न सापडलेल्या.

खांब्या संध्याकाळी अंथरुणावर पडून ते फोटो बघायचा. प्रत्येक फोटोत खुणेवर भोवरा उभा. हातात तोच बांबू, काळपट लाल पट्ट्यांचा. फोटो लांबून काढलेला, मग काढला कुणी?

फोटो काचेमागे बसवून बसवून त्याची नजर तयार झाली होती. क्षितिज फोटोत कुठे येतं त्यावरून काढणाऱ्याचा डोळा किती उंचीवर होता ते त्याला कळायचं. हे फोटो जमिनीवर मोबाइल ठेवून काढलेले नव्हते. उभ्या माणसाच्या डोळ्यांतून काढलेले होते. आणि एकात, संध्याकाळचं ऊन मागून आलेल्या एका फोटोत, खालच्या कडेला काढणाऱ्याची सावली पडली होती. तीन पायांचा स्टँड आणि त्याच्या मागे वाकलेला माणूस. गवतावर पाच पाय.

म्हणजे दुसरा कुणीतरी होता. चांगलं सामान असलेला, कामातला माणूस. खांब्याने त्याला मनातल्या मनात चेहरा दिला, चष्मा दिला, जाकीट दिलं. दोघं बिस्किटांचा पुडा फोडतायत असं त्याला दिसायचं. पण सगळ्यात जास्त त्याला लागलं ते वेगळंच. त्या फोटोंत भोवरा सरळ उभा होता. पाय जुळवलेले, मान ताठ, नजर समोर. आपल्यासाठी जो डोळ्याचं पातं लवेपर्यंतही उभा राहिला नाही, तो या माणसासाठी असा उभा राहतो? आपल्या जागेवर? आपला बांबू घेऊन?

दुकानातही भोवरा बदलला होता. शिट्टी बंद. फ्रेम ठोकता ठोकता तो हातोडी वर धरून तसाच थांबायचा, डोळे रस्त्यापलीकडे कुठेतरी. मालकांनी तोंडासमोर टाळी वाजवली की दचकून खिळ्यावर घाव घालायचा.

"भोवऱ्याची दोरी कुणी पळवली रे?" मालकांनी विचारलं.

खांब्या खाली मान घालून काच पुसत राहिला. त्याला वाटलं, ते आपल्यालाच कळायला हवं होतं.

एकदा दुपारी भोवरा मोज्यातला काचेचा कण काढायला स्टुलावर बसला होता. खांब्याने त्याचा तळपाय पाहिला. टाचेवर एक गोल उमटला होता, नाण्याएवढा, आणि त्याच्या मधोमध ठिपका. गोंदल्यासारखा नव्हे. खूप वेळ कशावर तरी रेटून उभं राहिल्यावर कातडीत जसा ठसा राहतो, तसा. भोवऱ्याने पटकन मोजा चढवला.

"अनवाणी उभा राहतोस?" खांब्याने विचारलं.

"नाही. बूट घालूनच."

"फोटो कोण काढतं तुझा?"

"मीच. टायमर लावतो."

"मोबाइल कशावर ठेवतोस?"

"असतो एखादा दगड."

"माणसाएवढा दगड?"

भोवरा बूट चढवायला लागला. बाहेर कुणीतरी आरसा घेऊन चाललं होतं, त्याचा उजेड छतावरून सरकत गेला.

"मी कुणाला सांगणार नाही," खांब्या म्हणाला. "फक्त कोण आहे ते सांग."

"एकटाच असतो रे मी."

"मग मी येतो या रविवारी."

"नको." भोवऱ्याने त्याचं मनगट धरलं. हात गार होता. "खांब्या, तू यात पडू नकोस."

"का? मी बरोबरीचा नाही त्याच्या?"

"तसं नाही... तुला आवडेल ते. फार आवडेल. म्हणून सांगतोय."

खांब्याने मनगट सोडवून घेतलं. ऐकणाऱ्याला यात काळजी ऐकू आली असती. त्याला एवढंच ऐकू आलं, की कुठेतरी काहीतरी फार आवडण्यासारखं आहे आणि ते दोघांनी वाटून घेतलंय.

बंद पडलेल्या खडीच्या खाणीपलीकडे, माळाच्या टोकाला एक खूण होती. अ‍ॅपमध्ये तिच्यापुढे कितीतरी जणांनी "सापडली नाही" असं लिहून ठेवलं होतं. भोवऱ्याने तिथे झेंडी लावली होती, रविवारी जाणार म्हणून. खांब्या शनिवारी दुपारी गेला. मालकांना म्हणाला, आईला दवाखान्यात न्यायचंय. दुकानाच्या मागच्या खोलीतून त्याने बांबू उचलला. आपलीच वस्तू चोरून नेताना माणसाला कसं वाटतं ते त्याला त्या दिवशी कळलं.

सायकल शेवटच्या घरांपर्यंत बरी चालली. पुढे खडी, मग नुसतं वाळकं गवत. वाऱ्याला गरम दगडाचा वास होता. खाणीच्या काठावर पोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. खाण मोठी आणि खोल, तळाशी हिरवट पाणी. या काठावर तो, आणि पलीकडचा काठ समोर, हाक मारली तर जेमतेम पोचेल इतका लांब. पलीकडे जायचं तर सगळा माळ वळसा घालून जावं लागलं असतं.

खूण त्याला लगेच सापडली. इतक्या जणांना न सापडलेली ती अशी लगेच कशी सापडली याचा विचार त्याने केला नाही. काठापासून आत एक सपाट खडक गवतातून वर आला होता. त्याने ब्रशने माती झाडली. वर्तुळ, मधे ठिपका. शेजारी बोटभर रुंदीचं एक भोक, काठी रोवायला. कोरलेली रेघ एका दमात ओढलेली होती, कुठे तुटलेली नाही. चांगला हात होता कुणाचा तरी.

त्याने सायकल लांब उभी केली, सीटवर मोबाइल टेकवला, टायमर लावायच्या आधी नुसतं अंतर बघायला म्हणून बांबू भोकात रोवला आणि खुणेवर पाय ठेवून उभा राहिला.

तेव्हा पलीकडच्या काठावर माणूस दिसला.

मावळता सूर्य त्याच्या मागे होता, त्यामुळे तो नुसता काळा दिसत होता. पुढे तीन पायांचा स्टँड, मागे तो वाकलेला. खांब्याने बांबू घट्ट धरला. पण ती भीती नव्हती. अखेर सापडलास, असं त्याला वाटलं. हाच तो. भोवऱ्याचा जोडीदार. एक दिवस आधीच येऊन बसलाय, जागा बघायला.

माणूस सरळ झाला. त्याने हात वर केला.

हा इशारा त्यांचा होता, त्याचा आणि भोवऱ्याचा. भोवऱ्याने तोही याला देऊन टाकला होता. खांब्याचे कान तापले. बघ मग, तो मनात म्हणाला. त्याने पाय जुळवले, बांबूला दोन्ही हातांनी धरलं आणि उभा राहिला. उभं कसं राहायचं ते बघ एकदा.

वारा थांबला. गवत सळसळायचं थांबलं. मग खालून, खाणीतून, साखळी ओढल्यासारखा आवाज आला. एकेक कडी दगडावरून घासत होती, थांबत होती, पुन्हा घासत होती. जमीन मोजताना ओढतात तशी. हवेत तापलेल्या पितळेचा आणि ओल्या ताडपत्रीचा वास पसरला. माणूस पुन्हा यंत्रावर वाकला होता. वाकलेल्या माणसाचा हात मात्र अजून वरच होता.

खांब्याचे गुडघे दुखायला लागले, मग दुखायचे थांबले. नाकावर माशी बसली. तो हलला नाही. सूर्य खाली गेला तशी पलीकडची सावली लांबत गेली. ती काठावरून खाणीत उतरली, पाण्यावरून सरकली, अलीकडचा कडा चढून गवतात आली. पाच पाय. ते त्याच्या बुटांच्या टोकांशी येऊन थांबले.

"छान," कुणीतरी म्हणालं.

आवाज कानाशी होता. पलीकडच्या काठावरून येणारा नव्हे. शेजारी उभं राहून, काम न मोडता बोलावं तसा हळू.

खांब्याने वळून पाहिलं नाही. वळला असता तर हलला असता.

"तो हलतो," आवाज म्हणाला. "मनातल्या मनात... सारखा हलतो."

खांब्याने बांबू आणखी सरळ धरला.

"तू नाही हलत."

मला हे सांगताना त्याने भिंतीशी पाय जुळवले. मग म्हणाला, खरं सांगायचं तर मी तेव्हा भ्यायला हवं होतं. मला आनंद झाला. जन्मात कुणी मला दुसऱ्यापेक्षा बरा म्हटलं नव्हतं. आणि भोवऱ्यापेक्षा... त्याला वाटलं, आत्ता भोवरा इथे असता आणि त्याने हे ऐकलं असतं तर किती बरं झालं असतं.

"अजून थोडं," आवाज म्हणाला. "अजून थोडं..."

सायकलच्या सीटवर मोबाइल वाजायला लागला. आईचा फोन. वाजून थांबला. पुन्हा वाजला. आई घरात एकटी, काठी टेकत दार उघडायला जाणारी. खाणीतून धुकं वर येत होतं. त्याने आधी पाणी झाकलं, मग पलीकडचा काठ, मग तो माणूस. धुक्याच्या वर, दिसेनासा होईपर्यंत, तो वर केलेला हात तेवढा राहिला. मग तोही गेला.

मोबाइल तिसऱ्यांदा वाजला आणि खांब्याने पाय उचलला. चिखलातून उपसावा तसा उपसावा लागला, आणि टाचेशी काहीतरी सुटल्यासारखं झालं, जसं ओल्या काचेवरून कागद सोलवटून यावा. तो पळत सुटला. सायकल ओढत, धडपडत, गवतातून. बांबू त्याने तिथेच सोडला होता. तो पडल्याचा आवाज आला नाही.

घरी आई म्हणाली, "कुठे होतास? तोंड बघ कसं झालंय. बस, पाणी देते." त्याने बसायचा प्रयत्न केला. बसवेना. दुखत काही नव्हतं, फक्त बसणं चुकीचं वाटत होतं, कुणीतरी बघत असताना पाय पसरावेत तसं. त्याने पाय धुतले. उजव्या टाचेवर गोल, मधे ठिपका. त्याने तो साबणाने घासला नाही. पायावर टॉवेल टाकला, आईला दिसू नये म्हणून, आणि मग टॉवेल थोडा बाजूला सारून स्वतः बघत राहिला.

सकाळी ऊन पडताच दारात शिट्टी ऐकू आली. भोवरा आत आला, आईने दिलेल्या चहाचा कप बशीत गोल फिरवायला लागला, एक पाय हलवत, जुन्या भोवऱ्यासारखा. पण डोळे रडून आल्यासारखे होते.

"काल गेला होतास," तो म्हणाला.

"नाही."

भोवऱ्याने बूट काढला, मोजा काढला आणि टाच दाखवली. स्वच्छ होती. "काल संध्याकाळी पुसला गेला आपोआप. मी ओळखलं. कोण होता तुझ्याबरोबर?"

"एकटाच होतो," खांब्या म्हणाला. आणि हेच शब्द, याच सुरात, आपण कुणाकडून ऐकले होते ते त्याला आठवलं.

"मला सोडलं त्याने." भोवरा हे सुटका झालेल्या माणसासारखा म्हणाला नाही. टोळीतून काढलेल्या माणसासारखा म्हणाला. मग त्याने खाली बघत विचारलं, "हात खाली केला ना त्याने?"

"धुकं आलं होतं..."

"खांब्या. हात खाली केला का?"

"दिसलं नाही. मी आलो पळून."

भोवऱ्याचा कप फिरायचा थांबला. "मी कधी न सुटता आलो नाही. एकदाही नाही." त्याने मोबाइल काढून पुढे धरला. "मग हे बघ."

अ‍ॅपमध्ये खाणीची खूण, "सापडली", पुढे खांब्याचं नाव. खाली फोटो. खडकावर खांब्या उभा, पाय जुळवलेले, बांबू सरळ. फोटो संध्याकाळचा नव्हता. ऊन त्याच्या पाठीमागून येत होतं, गवतावर दंव चमकत होतं, आणि त्याची लांब सावली फोटोच्या खालच्या कडेपर्यंत आली होती. सूर्य त्या बाजूला सकाळीच असतो.

"आत्ताचा आहे," भोवरा हळूच म्हणाला. "मी निघालो तेव्हा आला."

खांब्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. भोवऱ्याला वाटलं तो घाबरला. तो घाबरला नव्हता. फोटोतला तो किती सरळ उभा होता. रात्रभर हलला नव्हता. आणि आपण इथे, पळून आलेले, चहाच्या वासात. खांब्याला त्याचा हेवा वाटला.

"चल," भोवरा बूट चढवत म्हणाला. "हात आपणही खाली करू शकतो. तो इशारा आपलाच आहे की. मी पलीकडच्या काठावर जातो, तू खुणेवर उभा राहा. मी हात वर करतो, खाली करतो, आणि तू उतर. झालं. मग बिस्किटं खाऊ."

दोघं सायकलींवर निघाले, कितीतरी दिवसांनी. खांब्याला हेच हवं होतं. भोवरा पुढे, मागे वळून वळून बघत, चेष्टा करत, आवाज मधेच फाटत. खडकावर कुणी नव्हतं. बांबू मात्र भोकात सरळ उभा होता, आणि त्याच्या शेजारी दंव सगळीकडे होतं, फक्त दोन पावलांएवढी जागा कोरडी होती.

खांब्या त्या कोरड्या जागेवर उभा राहिला. भोवरा माळाला वळसा घालून पलीकडे गेला. बराच वेळ लागला त्याला. सकाळचं ऊन पलीकडच्या काठावर थेट पडलं होतं, भोवऱ्याच्या शर्टाच्या रेघाही दिसत होत्या.

त्याच्या शेजारी दुसरा उभा होता. तोंडावर एवढं ऊन असूनही काळाच. हात वर.

भोवऱ्याला तो दिसत नव्हता. भोवऱ्याने आपला हात वर केला. मग सावकाश, अगदी सगळ्यांना दिसेल असा, खाली आणला.

"झालं रे," त्याची हाक पाण्यावरून आली. "उतर आता."

त्या दुसऱ्याचा हात खाली आला नाही.

खांब्या बघत होता. उतरलो तर तो पुन्हा भोवऱ्याला धरेल, एवढं त्याला कळत होतं. खांद्याला खांदा लागेल इतके ते जवळ होते. त्याला भोवऱ्याला वाचवायचं होतं, की भोवऱ्याला ते पुन्हा मिळू नये असं वाटत होतं, हे त्याचं त्यालाही मला सांगता आलं नाही.

"उतर ना, खांब्या," भोवरा ओरडला. "मी सोडलंय तुला..."

खांब्याने पाय जुळवले, बांबू दोन्ही हातांनी धरला, आणि तो उभा राहिला.